आधी धमनी, मग किडनी

नऊ वर्षांपूर्वी मी माझी डावी किडनी धाकट्या भावाला दिली. तेव्हापासून त्याच्या रक्ताचा कुठलाही रिपोर्ट आला की माझी नजर आधी क्रिएटिनिनच्या, म्हणजे किडनी किती नीट चालते ते सांगणाऱ्या आकड्याच्या ओळीवर जायची. तो वाढला की किडनीचं काम बिघडलं. १.३, १.४, पुन्हा १.३. तो आकडा जागच्या जागी दिसला की बाकीचा कागद मी नीट वाचतही नसे. गेल्या वर्षी त्याच्या पोटातल्या महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत, जंतुसंसर्ग होऊन तिला फुगा आला, तेव्हाही पहिले दोन दिवस मी त्याच आकड्याकडे बघत बसले होते. त्या दोन दिवसांचं ओझं अजून मनावर आहे. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढते आहे.

सुरुवात तापाने झाली. दिवसाआड, संध्याकाळी, थंडी वाजून. आणि पाठ. कमरेच्या जरा वर, मणक्याच्या डावीकडे, खोल कुठेतरी दुखायचं. कूस बदलली, शेकलं, झोपून राहिला, कशानेच फरक पडेना. भाऊ ५६ वर्षांचा. वीस वर्षांचा मधुमेह, त्यातच दोन्ही किडन्या गेल्या, मग प्रत्यारोपण, आणि तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट. आधी ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांना वाटलं, कमरेची नस दबली असेल. तापासाठी त्यांनी पाच दिवसांची अँटिबायोटिकची गोळी दिली. ताप उतरला. गोळ्या संपल्या आणि चौथ्या दिवशी परत चढला.

रक्ताचं कल्चर, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, न करता दिलेली ती गोळी किती नडू शकते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. प्रत्यारोपणाच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली असते, नाहीतर शरीर परक्या किडनीवर तुटून पडेल. त्यामुळे मोठा संसर्गसुद्धा अशा माणसात दबक्या पावलांनी येतो. ताप बेताचा, पांढऱ्या पेशी बेताच्या. त्यात अर्धवट अँटिबायोटिक पोटात गेलं की जंतू मरत नाहीत, फक्त कल्चरच्या बाटलीत दिसेनासे होतात.

आमच्या नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीतज्ज्ञ मॅडमनी त्याला त्याच दिवशी दाखल करून घेतलं. वेगवेगळ्या जागेवरून तीन वेळा रक्त घेऊन कल्चरला पाठवलं आणि मगच सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू केलं. क्रिएटिनिन १.९ होतं. माझं सगळं लक्ष तिथेच. सीआरपी १८६ होता. तो शरीरातल्या संसर्गाचा, सुजेचा निदर्शक असतो, हेसुद्धा मी तेव्हा विचारून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबमधून फोन आला. रक्तात साल्मोनेला. भावजय म्हणाली, म्हणजे टायफॉईडच ना? मॅडमनी सांगितलं, कुळी तीच, पण टायफॉईडचा नव्हे. दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारा, एरवी चार दिवस जुलाब करून निघून जाणारा. तो रक्तात उतरला, रुग्णाचं वय पन्नाशीच्या पुढे असलं आणि धमन्यांत चरबीचे थर असले, तर त्याला मोठ्या धमनीच्या भिंतीत घर करायला आवडतं. "पाठ दुखतेय आणि रक्तात साल्मोनेला आहे. मला महाधमनी बघायला हवी. सीटी अँजिओ करू या."

सीटी अँजिओ म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून डाय (एक रसायन) देऊन काढलेला स्कॅन. हा डाय किडनीला जड जातो. मी म्हटलं, क्रिएटिनिन आधीच १.९ आहे, आज नको. आधी सोनोग्राफी करून बघा, सलाईनने आकडा खाली येऊ द्या, मग ठरवू. भावाने माझ्याकडे बघून मान हलवली. ताई म्हणते तेच. किडनी तिची, असं त्याने तोंडाने कधी म्हटलं नाही, पण नऊ वर्षं तो तसाच वागत आला होता.

सोनोग्राफीत पोटातल्या वायूमुळे महाधमनी धड दिसलीच नाही. त्या रात्री तो पाठीच्या कळेने झोपला नाही. सकाळी मॅडम मला खोलीबाहेर घेऊन गेल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. म्हणाल्या, "ताई, किडनी राखली आणि माणूस गेला, तर त्या किडनीचं आपण काय करणार आहोत?" मी काही बोलले नाही. तासाभरात त्याला स्कॅनला नेलं.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, मायकोटिक अ‍ॅन्युरिझम. भावाने मोबाईलवर शोधलं आणि म्हणाला, अगं, ही तर बुरशी. एका निवासी डॉक्टरने पलंगाच्या कडेला बसून समजावलं. १८८५ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी हे नाव दिलं, कारण त्यांनी पाहिलेल्या रुग्णाच्या हृदयाच्या झडपांवर आणि महाधमनीत बुरशीसारखी दिसणारी वाढ होती. नाव तेव्हापासून चिकटलं. प्रत्यक्षात यातले बहुतेक जीवाणूंमुळेच होतात, मुख्यत्वे स्टॅफिलोकॉकस आणि साल्मोनेला. महाधमनीच्या शंभर फुग्यांत असा संसर्गाचा एखाद-दुसराच असतो.

व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांचे सर्जन संध्याकाळी आले. त्यांनी रिपोर्टच्या पाठीमागे पेनने चित्र काढलं. तो कागद मी जपून ठेवला आहे. किडन्यांच्या खाली महाधमनी साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. वयानुसार येणारा नेहमीचा फुगा ती सगळ्या बाजूंनी सारखी सैल झाल्यासारखा असतो, आणि पुरुषांत तो साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास गेला की ऑपरेशनचा विचार करतात. भावाच्या चित्रात धमनी सरळच होती. तिच्या डाव्या-मागच्या बाजूला एक वेडीवाकडी पिशवी लोंबत होती, आणि तिच्याभोवती धुरकट करडी छटा होती. आकार ३.४ सेंटिमीटर.

"म्हणजे अजून लहान आहे," मी म्हटलं.

"हा फुगा म्हणायचा म्हणून फुगा," ते म्हणाले. "जंतूंनी भिंत कुजवली, तिला भोक पडलं. बाहेर आलेलं रक्त आजूबाजूच्या मांसाने कसंबसं थोपवून धरलंय. इथे साडेपाचचा हिशेब लागू होत नाही. हा दोन सेंटिमीटरचा असतानाही फुटू शकतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मग आणखी एक गोल काढला, पोटाच्या उजव्या खालच्या भागात. ती माझी किडनी. प्रत्यारोपणात नवी किडनी जुन्या किडन्यांच्या जागी बसवत नाहीत. ती ओटीपोटात, पायाकडे जाणाऱ्या धमनीला जोडतात. हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ मात्र त्या क्षणी ध्यानात आला. फुगा काढायचा तर महाधमनीला वरून चिमटा लावून रक्त थांबवायला हवं, आणि माझी किडनी त्या चिमट्याच्या खालच्या बाजूला होती. चिमटा लागेल तेव्हा पायांबरोबर तिचाही रक्तपुरवठा बंद.

पुढचे सहा दिवस अँटिबायोटिकवर गेले. जंतूंचा रक्तातला जोर आधी मोडावा, सूज थोडी बसावी, म्हणजे टाके धरणारी निरोगी भिंत मिळेल, असा त्यामागचा विचार होता. भाऊ स्थिर होता म्हणूनच हे शक्य होतं. रक्तदाब कडक मर्यादेत ठेवला होता, खोकला येऊ नये, शौचाला जोर लागू नये म्हणून औषधं होती. प्रत्यारोपणाच्या तीन औषधांपैकी मायकोफेनोलेट बंद केलं, टॅक्रोलिमसची मात्रा कमी केली, प्रेडनिसोलोन चालू ठेवलं. हे मला फार जड गेलं. या गोळ्यांची एक वेळ चुकू नये म्हणून आम्ही नऊ वर्षं घड्याळं लावली होती. पण प्रतिकारशक्ती बांधून ठेवायची आणि संसर्गाशी लढ म्हणायचं, हे दोन्ही एका वेळी होत नाही.

या काळात एक बैठक झाली. मी आणि भावजय शेवटची वीस मिनिटं आत होतो. सर्जन, नेफ्रॉलॉजिस्ट, हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, संसर्गरोगतज्ज्ञ. हृदयरोगतज्ज्ञ स्टेंटबद्दल बोलत होते: तीन वर्षं झाली आहेत, दुसरी रक्त पातळ करणारी गोळी आधीच बंद आहे, अ‍ॅस्पिरिन मात्र थांबवायचं नाही. अन्ननलिकेतून सोनोग्राफी करून झडपांवर संसर्ग नाही हे त्यांनी पाहून घेतलं होतं. भूलतज्ज्ञांना चिंता होती ती चिमटा लावताना हृदयावर एकदम येणाऱ्या भाराची, आणि तो काढताना पायांतून परत येणाऱ्या आम्लाची नि पोटॅशियमची. मॅडम किडनीबद्दल बोलत होत्या. प्रत्येकजण आपापला अवयव राखत होता, आणि ते योग्यच होतं. मीही तेच केलं होतं. फरक इतकाच, की ते राखत असताना दुसऱ्याचं ऐकतही होते.

भावाने आधीच मला एक प्रश्न विचारायला सांगून ठेवला होता. हृदयाचा स्टेंट जसा बारीक नळीतून टाकला, तसं इथे होत नाही का? मी विचारला. सर्जनांनी तो उडवून लावला नाही. १९९० मध्ये ब्युनोस आयरिसमध्ये हुआन परोदी यांनी पोटातल्या महाधमनीचा फुगा जांघेतून आत नेलेल्या कापडी नळीने बंद केला, तेव्हापासून हा मार्ग खुला आहे. संसर्गाच्या फुग्यातही तो वापरतात. पोट उघडावं लागत नाही, चिमटा लागत नाही, किडनीचं रक्त थांबत नाही, पहिल्या काही महिन्यांत माणूस वाचण्याची शक्यता चांगली. "तुमच्या भावाचं वय ७५ असतं किंवा हृदय निम्म्या ताकदीने चालत असतं, तर मी तेच केलं असतं. आज रात्री हा फुटला, तरीही तेच करीन. जीव वाचवून मग पुढचं बघू."

मग अडचण कुठे? अडचण ही, की कुजलेली भिंत जागेवरच राहते आणि तिला खेटून आपण कापड आणि धातू ठेवतो. कापडाच्या धाग्यांत जंतू दडले की औषध तिथे नीट पोचत नाही. धडधाकट माणसात अँटिबायोटिक आणि शरीर मिळून निभावून नेतात. भावाचं शरीर त्या कामात आयुष्यभर कमी पडणार होतं, कारण माझी किडनी टिकवायची तर त्याची प्रतिकारशक्ती दाबलेलीच ठेवावी लागणार. बैठकीत सगळ्यांचं एकमत नव्हतं हेही सांगायला हवं. संसर्गरोगतज्ज्ञ मॅडमचं म्हणणं होतं की साल्मोनेला औषधाला चांगली दाद देतोय, तर स्टेंट टाकून जन्मभर गोळी देता येईल. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी कदाचित तेच झालं असतं, आणि त्याला मी चूक म्हणणार नाही.

उघड्या शस्त्रक्रियेतही वाटा दोन होत्या. एक म्हणजे महाधमनी फुग्याच्या वर कायमची बांधून टाकायची आणि खांद्याजवळच्या धमनीपासून कातडीखालून नळी नेऊन जांघेतल्या धमन्यांना रक्त द्यायचं. नवी नळी संसर्गापासून दूर राहते. पण बांधलेलं टोक पुढे कधीतरी सुटण्याची भीती मागे उरते, आणि दोन्ही पाय नि किडनी एका लांब, बारीक नळीच्या भरवशावर जगतात. दुसरी वाट म्हणजे कुजलेला भाग खरवडून काढायचा आणि त्याच जागी नवी धमनी बसवायची. ती कशाची? रिफॅम्पिसिन या अँटिबायोटिकमध्ये भिजवलेल्या कृत्रिम कापडाची, दात्याच्या गोठवलेल्या धमनीची, रुग्णाच्याच मांडीतल्या खोल शिरेची, किंवा गुरांच्या हृदयावरणापासून तयार केलेल्या पातळ पडद्याची. दात्याची धमनी हवी तेव्हा मिळेलच असं नाही. मांडीची शीर संसर्गाला उत्तम तोंड देते, पण ती काढण्यात बराच वेळ जातो, आणि भावाला जितकी कमी वेळ भूल तितकं बरं. सर्जनांचा कल हृदयावरणाकडे होता. तो पडदा टेबलावरच गुंडाळून, शिवून हव्या त्या रुंदीची नळी करायची.

आणि किडनी? "आधी खांद्यापासून उजव्या जांघेपर्यंत तात्पुरती नळी जोडतो. उजव्या, कारण किडनी उजवीकडे आहे. वर चिमटा लागला की रक्त या नळीने जांघेत येईल आणि तिथून उलटं वर चढून किडनीत जाईल." मी दोनदा विचारलं, उलटं रक्त चालतं का तिला? चालतं, म्हणाले. तिला दिशा कळत नाही, दाब कळतो. आणि आत गेल्यावर महाधमनी शिवण्याजोगी नाहीच निघाली, तर हीच नळी कायमची ठेवता येईल. एकाच नळीत दोन संकटांची सोय केलेली होती. आणखी एक गोष्ट त्यांनी सहज सांगितली. भावाच्या स्वतःच्या दोन्ही किडन्या कधीच निकामी झालेल्या असल्यामुळे गरज पडली तर चिमटा त्यांच्याही वर लावायला ते मोकळे होते. त्या दोन सुकलेल्या किडन्यांचा काही उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

सातव्या दिवशी कळ वाढली. पुन्हा सीटी, पुन्हा डाय. या वेळी मला कुणी विचारलं नाही आणि मीही मध्ये पडले नाही. पिशवी ४.३ सेंटिमीटर झाली होती. एका आठवड्यात नऊ मिलिमीटर. सर्जन म्हणाले, उद्या सकाळी पहिली केस.

संमतीपत्रावर सही करताना मी विचारलं, धोका किती? शंभरात किती जण जातात? ते थोडा वेळ थांबले. "तुमच्या भावासारखे शंभर रुग्ण एकत्र कुणीच पाहिलेले नाहीत. आकडा सांगितला तर तो माझ्या मनाचा असेल. धोका मोठा आहे. न करण्याचा त्याहून मोठा आहे." मग एकेक गोष्ट वाचून दाखवली. मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पाय गमावणं, आतड्याचा रक्तपुरवठा तुटणं, किडनी गमावणं. किडनीवर आल्यावर भाऊ माझ्याकडे बघत होता. मी त्याला सांगितलं, ती मी तुला दिली तेव्हाच तुझी झाली. गेली तर गेली, तू डायलिसिसवर परत ये. हे वाक्य मी आधी जुळवलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्याने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

शस्त्रक्रिया सात तास चालली. मधल्या वेळात एक तरुण डॉक्टर दोनदा बाहेर आले. पहिल्यांदा सांगितलं, तात्पुरती नळी जोडली, वरचा चिमटा लागला आहे आणि लघवी येते आहे. मी विचारलं, किती? ते म्हणाले, थेंब थेंब, पण येते आहे. भावजय भिंतीला डोकं टेकून खाली बसली. दुसऱ्यांदा आले ते तीन तासांनी. कुजलेला भाग काढला, नवा तुकडा बसला, चिमटा सुटला. वरचा चिमटा ५२ मिनिटं होता.

नंतर सर्जनांनी तपशील सांगितला. क्रमाला किती महत्त्व असतं ते तेव्हा कळलं. खांदा आणि जांघ ही स्वच्छ जागा. ते काम आधी, वेगळ्या हत्यारांनी. त्या जखमा झाकून मगच पोट उघडलं, म्हणजे आतला पू बाहेरच्या नळीला लागू नये. पिशवी उघडली तर मागे पू होता, मणक्याच्या पुढच्या स्नायूपर्यंत. जिथे कापल्यावर ताजं लाल रक्त येतं, तिथे निरोगी भाग सुरू झाला असं समजायचं आणि तोवर काढत जायचं. काढलेल्या भिंतीचे तुकडे लगेच कल्चरला. त्यातही पुढे तोच साल्मोनेला उगवला. शेवटी नव्या नळीभोवती पोटातला चरबीचा पडदा, ओमेंटम, वळवून गुंडाळला. त्याला स्वतःचा भरपूर रक्तपुरवठा असतो. रक्त जिथे पोचतं तिथे औषध पोचतं आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशीही. तात्पुरती नळी काढून टाकली. आत कापडाचा एक धागाही ठेवला नव्हता.

आयसीयूतले अकरा दिवस मी दिवस म्हणून आठवूच शकत नाही. दुसऱ्या दिवशी लघवी कमी झाली. क्रिएटिनिन २.४, मग ३.१, चौथ्या दिवशी ३.६. पोटॅशियम चढलं म्हणून एकदा डायलिसिस करावं लागलं. मशीन बघून मला नऊ वर्षांपूर्वीचा काळ आठवला आणि मी बाहेर जाऊन रडले. तिसऱ्या दिवशी शौचातून थोडं रक्त गेलं. महाधमनीच्या त्याच भागातून मोठ्या आतड्याला एक धमनी जाते, ती बांधावी लागली होती. पलंगावरच दुर्बिणीने आत बघितलं. अस्तर फिकट होतं पण जिवंत होतं. सहा तासांनी पुन्हा बघितलं. तसंच. त्या रात्री आतड्याच्या दुसऱ्या ऑपरेशनची तयारी ठेवली होती हे मला नंतर समजलं.

वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोन घेणाऱ्या माणसाचं शरीर ताणाच्या वेळी स्वतःचं स्टिरॉइड पुरेसं बनवू शकत नाही, म्हणून त्याला शिरेतून जास्तीचं हायड्रोकॉर्टिसोन देत होते. त्याने साखर चढायची, मग इन्सुलिन तासातासाला. श्वासाची नळी निघाल्यावर दोन दिवस तो भ्रमात होता. मॉनिटरची टिकटिक म्हणजे कुणाचातरी फोन वाजतोय अशी त्याची समजूत. "उचला ना कुणीतरी," म्हणत उठू बघायचा. नर्सने मला सांगितलं, त्याच्याशी वाद घालू नका, दिवस कोणता, वेळ कोणती, ते सांगत राहा, चष्मा लावून द्या. मी दर अर्ध्या तासाने वार सांगत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो वैतागून म्हणाला, "कळलं गं ताई, गुरुवार आहे." तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

क्रिएटिनिन उतरायला लागलं ते आठव्या दिवसापासून. आज १.७ वर थांबलं आहे. १.३ आता परत दिसणार नाही असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं आहे.

सहा आठवडे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन शिरेतून द्यायचं होतं. त्यासाठी दंडातून लांब नळी घालतील असं मला वाटलं होतं, पण मॅडमनी दंडाला हात लावू दिला नाही. पुढेमागे डायलिसिसची वेळ आली तर फिस्टुलासाठी, म्हणजे हातातली धमनी आणि शीर जोडून केलेल्या मार्गासाठी, त्याच शिरा लागतात, आणि अशा नळीने त्या बंद पडू शकतात. मानेच्या शिरेतून बारीक कॅथेटर घातलं. ज्यांच्या घरी किडनीचा रुग्ण आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की दंडाच्या शिरा राखायच्या असतात आणि हे आपणही विचारायचं असतं. प्रत्येक ठिकाणी कुणाच्या तरी लक्षात येईलच असं नाही.

त्यानंतरच्या गोळीवरही विचार झाला. साल्मोनेलासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन हे सरधोपट औषध, पण त्या गटातल्या औषधांनी महाधमनीला फुगा येण्याचा किंवा ती चिरण्याचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१८ मध्ये दिला होता. जिची भिंत नुकतीच शिवली आहे अशा महाधमनीसाठी संसर्गरोगतज्ज्ञ मॅडमना ते नको होतं. को-ट्रायमॉक्साझोल या दुसऱ्या औषधाने पोटॅशियम वाढतं, आणि टॅक्रोलिमसही तेच करतं. सुदैवाने त्याचा साल्मोनेला अ‍ॅमॉक्सिसिलिनला दाद देणारा निघाला. ती गोळी त्याला आजही चालू आहे, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आहेत तोवर ती बंद करण्याचा कुणाचाच विचार नाही. टॅक्रोलिमस हळूहळू वाढवत पूर्वीच्या जवळ आणलं. मायकोफेनोलेट कमी मात्रेत परत सुरू झालं. या काळात किडनी नाकारली जाईल ही भीती रोजची होती. तसं झालं नाही.

आता चौदा महिने झाले. तीन वेळा स्कॅन झाले, तिन्हीत नळी जागेवर, भोवती करडी छटा नाही. पोटावरच्या टाक्यांखाली हर्निया आला आहे, त्याचं काय करायचं ते ठरायचं आहे. तो पूर्वीसारखं चालत नाही, लवकर दमतो. उजव्या खांद्याखालच्या व्रणावर हात ठेवून झोपतो.

दर महिन्याला तो रक्ताच्या रिपोर्टचा फोटो पाठवतो. मी आधी सीआरपी बघते, मग पांढऱ्या पेशी, मग क्रिएटिनिन. परवाच्या रिपोर्टमध्ये सीआरपी ४ होता. पुढच्या महिन्यात पुन्हा डाय देऊन स्कॅन आहे. आदल्या रात्री किती पाणी प्यायचं, कुठली गोळी चुकवायची, ते मॅडमनी लिहून दिलं आहे. त्याने फोनवर विचारलं, "ताई, काढू ना स्कॅन?" मी म्हटलं, तारीख सांग, मी येते.